रंग शंकूत शिरला की काय होते: गोलीय व्हरायटींच्या वर्गीकरणाविषयी

विचारलेला प्रश्न असा आहे: टोरिक व्हरायटींचे, म्हणजे ज्यांत टोरस (शून्येतर संख्यांच्या गुणाकार-गटाच्या काही प्रतींचा गुणाकार) विवृत आणि दाट बसतो अशा बैजिक अवकाशांचे, वर्गीकरण पंख्यांनी, म्हणजे जालकातील शंकूंच्या जुळणीने, पूर्णपणे होते हे एमएस्सीच्या पुढच्या अभ्यासात शिकवले जाते, मग टोरसच्या जागी क्रमनिरपेक्ष नसलेला गट घेतला तरी तसे वर्गीकरण मिळते काय, त्यात येणारे ‘रंग’ नेमके काय मोजतात, आणि हे काम आज पूर्ण झाले आहे असे म्हणता येते काय?

थोडक्यात उत्तर असे की वर्गीकरण मिळते, परंतु बोरेल उपगटाची (उदाहरणार्थ ऊर्ध्व त्रिकोणी आव्यूहांच्या गटाची) एखादी कक्षा विवृत आणि दाट असेल तरच. आणि संमिश्र संख्यांवर ते दोन निरनिराळ्या टप्प्यांत पूर्ण झाले आहे. कोणत्या समांगी अवकाशाला, म्हणजे गटाच्या एकाच कक्षेला, सीमा जोडायची हा एक प्रश्न आहे आणि त्याला सीमा किती प्रकारे जोडता येते हा दुसरा. टोरिक व्हरायटींमध्ये पहिला प्रश्न उद्भवतच नाही, कारण समांगी अवकाश म्हणजे टोरस स्वतःच. त्यामुळे टोरिक भूमितीकडून या विषयात येणारा वाचक दोन्ही प्रश्न एकच समजून चालतो आणि पुढे अडखळतो. मी ते वेगळे ठेवून, आणि दुसरा आधी घेऊन, लिहितो.

टोरिक वर्गीकरण का चालते हे आधी नीट पाहिले पाहिजे, कारण पुढचे सर्व त्याच कारणाचा विस्तार आहे. टोरसवरील एकपदी फलने ही टोरसच्या क्रियेखाली केवळ एका अचलाने गुणली जातात, आणि प्रत्येक भारासाठी असे फलन अचल गुणक सोडला तर एकच असते. सीमेवरचा कोणताही टोरस-स्थिर डिव्हायझर, म्हणजे एक मिती कमी असलेला उपसंच, घेतला की त्यावर प्रत्येक एकपदी किती कोटीने शून्य होते, किंवा किती कोटीने अनंताकडे जाते, हे एका पूर्णांकाने कळते. ते सर्व पूर्णांक मिळून द्वैती जालकातला एक सदिश होतो. पंख्यातील किरण म्हणजे हेच सदिश. मुद्दा शंकूंचा नसून फलनांच्या शून्यांचा आहे, आणि शंकू ही त्या शून्यांची नोंदवही आहे. मिशेल देमाझ्यूर यांनी १९७० साली क्रेमोना गटाचे उपगट अभ्यासताना या वस्तू पद्धतशीरपणे मांडल्या, तेव्हापासून ही नोंदवही इतकी उपयोगी ठरली की आज रिफ्लेक्सिव्ह बहुफलकांच्या (ज्यांचे द्वैती बहुफलकही जालकातलेच असते अशांच्या) याद्या संगणकाने पूर्ण केलेल्या आहेत: दोन मितींत १६, तीन मितींत ४,३१९ आणि चार मितींत ४७,३८,००,७७६.

येथे एक अट अनेकदा गृहीत धरून पुढे जातात. व्हरायटी नॉर्मल असली पाहिजे. नॉर्मल व्हरायटीतील प्रत्येक बिंदूभोवती टोरस-स्थिर अफाइन विवृत संच असतो, हे सुमिहिरो यांचे १९७४ चे प्रमेय आहे आणि शंकूंनी व्हरायटी शिवण्याची मुभा तेच देते. स्वतःला एका बिंदूत छेदणारा घन वक्र घ्या. त्यावर एकमितीय टोरस क्रिया करतो आणि छेदबिंदू स्थिर राहतो. परंतु त्या बिंदूला सामावणारा टोरस-स्थिर विवृत संच म्हणजे संपूर्ण वक्रच, आणि तो अफाइन नाही. अशा वक्राला कोणताही पंखा नाही. पुढे सर्वत्र व्हरायटी नॉर्मल आहे असे समजावे.

आता गट रिडक्टिव्ह घेऊ, उदाहरणार्थ एसएल(म), आणि त्यात बोरेल उपगट निवडू. एसएल(म) मध्ये तो ऊर्ध्व त्रिकोणी आव्यूहांचा गट असतो. ज्या नॉर्मल व्हरायटीत बोरेलची एक कक्षा विवृत आणि दाट असते तिला गोलीय म्हणतात. या अटीचा लाभ लगेच दिसतो: ज्या परिमेय फलनांना बोरेल केवळ अचलाने गुणतो, त्यांना मी येथे बोरेल-फलने म्हणतो, ती प्रत्येक भाराला पुन्हा एकच उरतात. टोरिक व्हरायटीत एकपदींनी जे काम केले तेच आता बोरेल-फलने करतात. त्यांच्या भारांचे जालक हा पहिला चयनात्मक (कॉम्बिनेटोरियल) अचर, आणि त्याची मिती म्हणजे अवकाशाची रँक. ब्रियाँ आणि विनबर्ग यांनी १९८६ साली स्वतंत्रपणे सिद्ध केले की गोलीय व्हरायटीत बोरेलच्या कक्षा मुळात सांतच असतात. ही गोष्ट व्याख्येतून आपोआप दिसत नाही.

फरक कोठे पडतो? टोरिक प्रकरणात एकपदी फलनाला टोरसच्या आत शून्य नसते. त्याची सर्व शून्ये सीमेवर असतात. बोरेल-फलनाला मात्र समांगी अवकाशाच्या आतही शून्य असू शकते. बोरेलची विवृत कक्षा समांगी अवकाशाहून लहान असते, आणि तिच्या बाहेर उरणारे, बोरेलने स्थिर राहणारे परंतु संपूर्ण गटाने न राहणारे डिव्हायझर म्हणजेच रंग. दोमिनिक ल्यूना आणि थिएरी वुस्त यांच्या १९८३ च्या निबंधापासून विकसित झालेल्या या सिद्धांतात रंग हा शब्द रूढ झाला, आणि तो सोयीचा आहे, कारण रंग हे जालकातले बिंदू नसून जालकात ज्यांची प्रतिमा पडते असा वेगळा सांत संच आहे. दोन रंगांची प्रतिमा एकाच बिंदूवर पडू शकते. हे वाक्य वाचताना क्षुल्लक वाटते. गणित करताना वाटत नाही.

एसएल(२) घेऊन हे प्रत्यक्ष पाहू. प्रक्षेपीय रेषेच्या दोन प्रतींचा गुणाकार घ्या आणि त्यातून कर्ण काढून टाका. उरलेला भाग म्हणजे एसएल(२) भागिले त्याचा टोरस. दोन प्रतींवरचे अफाइन निर्देशक क्ष आणि य असतील तर बोरेल-फलन आहे १/(क्ष−य). कर्णावर त्याला एक कोटीचा ध्रुव आहे. क्ष अनंत असलेल्या रेषेवर त्याला एक कोटीचे शून्य आहे, आणि य अनंत असलेल्या रेषेवरही तसेच. म्हणजे रँक १, जालक पूर्णांकांचे, सीमा −१ वर, आणि दोन रंग, दोन्ही +१ वर, एकावर एक. आता त्याच दोन बिंदूंचा क्रम विसरून जा. मिळते ते प्रक्षेपीय प्रतलातून एक शांकव काढून उरलेले अवकाश. रंग एकच उरतो, तो म्हणजे बोरेलच्या स्थिर बिंदूपाशी शांकवाला काढलेली स्पर्शिका, आणि बोरेल-फलन त्या स्पर्शिकेच्या समीकरणाचा वर्ग भागिले शांकवाचे समीकरण. म्हणून सीमा पुन्हा −१ वर आहे, परंतु रंग +२ वर सरकला.

तिसरे उदाहरण अफाइन प्रतलातून आरंभबिंदू वगळल्यावर उरणारे. तेथे बोरेल-फलन आहे निर्देशक य, आणि य=० ही रेषा एकमेव रंग, प्रतिमा +१ वर. या अवकाशाला दोन्ही दिशांना सीमा जोडता येते: −१ च्या दिशेने अनंतावरची रेषा, +१ च्या दिशेने आरंभबिंदूपाशी काहीतरी. ते ‘काहीतरी’ दोन प्रकारचे असू शकते. आरंभबिंदू तसाच परत ठेवला तर य=० या रेषेचा आवरण-संच त्या बिंदूतून जातो, म्हणजे नवी कक्षा पूर्णपणे रंगाच्या आत पडते; अशा वेळी शंकूबरोबर रंगही नोंदवला जातो. आरंभबिंदू फुगवून त्याच्या जागी एक प्रक्षेपीय रेषा ठेवली तर रंग त्या रेषेला एकाच बिंदूत छेदतो, तिला सामावत नाही. म्हणून शंकू तोच राहतो, पण रंगाविना. पहिल्या निवडीने प्रक्षेपीय प्रतल मिळते, दुसऱ्या निवडीने एका बिंदूपाशी फुगवलेले प्रक्षेपीय प्रतल. पंखा एकच, रेषेच्या दोन बाजूंचे दोन किरण, आणि व्हरायटी दोन. टोरिक भाषेत अशी नोंद करायला जागाच नाही.

हेच अवकाश म-व्या एकमूळांच्या गटाने भागले तर बोरेल-फलन य च्या म-व्या घाताचे होते आणि रंग +म वर जातो. किरणाबरोबर रंग घेतला तर आता आरंभी मिळते ते म घाताच्या परिमेय नॉर्मल वक्रावर उभारलेल्या शंकूचे टोक, जे म=१ असतानाच गुळगुळीत असते. म्हणजे रंग आहे की नाही एवढेच नव्हे, तर तो जालकात किती दूर आहे यावरही भूमिती ठरते.

या तीन उदाहरणांत आणखी एक वस्तू दडलेली आहे. पहिल्या दोहोंत सीमा केवळ ऋण बाजूलाच जोडता आली, तिसऱ्यात दोन्ही बाजूंना. गटाने स्थिर राहणारी व्हॅल्युएशने, म्हणजे फलनांच्या शून्यांची आणि ध्रुवांची कोटी मोजण्याच्या रीती, जालकाच्या कोणत्या भागात बसतात तो भाग म्हणजे व्हॅल्युएशन-शंकू. ब्रियाँ यांनी १९९० साली दाखवले की हा शंकू नेहमी एका सांत परावर्तन-गटाचा मूलभूत कक्ष असतो; वरच्या पहिल्या दोन अवकाशांत तो गट दोन घटकांचा आहे म्हणून अर्धरेषा मिळाली, तिसऱ्यात तो क्षुल्लक आहे म्हणून पूर्ण रेषा. या कक्षाच्या भिंतींना लंब असणारे, जालकातले आदिम सदिश म्हणजे गोलीय मुळे.

आता दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येते. समांगी अवकाश ठरलेला असेल तर त्याला सीमा जोडून होणाऱ्या नॉर्मल व्हरायटी आणि रंगीत पंखे यांत एकास-एक संगती असते. रंगीत शंकू म्हणजे एक शंकू आणि रंगांचा एक उपसंच. शंकू त्या रंगांच्या प्रतिमांनी आणि व्हॅल्युएशन-शंकूतील काही सदिशांनी निर्माण झालेला असावा, त्यात पूर्ण रेषा नसावी, निवडलेल्या कोणत्याही रंगाची प्रतिमा शून्य नसावी, आणि शंकूच्या अंतर्भागाने व्हॅल्युएशन-शंकूला छेदले पाहिजे. पंख्यातील शंकूंचे अंतर्भाग व्हॅल्युएशन-शंकूच्या आत एकमेकांवर येता कामा नयेत. बाहेर आले तर हरकत नाही. ल्यूना आणि वुस्त यांचा मूळ निबंध वाचायला जड आहे. बहुतेकांनी हा सिद्धांत फ्रिडरिख क्नोप यांच्या मांडणीतून शिकला, जी १९८९ साली हैदराबाद येथे झालेल्या बैजिक गटांवरील परिषदेच्या १९९१ मध्ये मद्रासहून छापल्या गेलेल्या वृत्तांतात आहे. पंचवीस पानांची ती मांडणी कोणत्याही कॅरेक्टरिस्टिकमध्ये चालते, आणि माझ्या मते अजूनही सुरुवात तिथूनच करावी.

प्रश्नकर्त्याने ‘रंग नेमके काय मोजतात’ असे विचारले आहे, त्याचे सर्वांत बोलके उत्तर शांकवांच्या एका जुन्या गणनेत आहे. प्रतलात पाच शांकव सर्वसाधारण स्थितीत दिले तर त्या पाचही शांकवांना स्पर्श करणारे शांकव किती? प्रतलातील शांकव पाच मितींच्या प्रक्षेपीय अवकाशाचे बिंदू असतात आणि दिलेल्या शांकवाला स्पर्श करण्याची अट हे त्या अवकाशातील सहा घाताचे समीकरण आहे. याकोब स्टायनर यांनी १८४८ साली सहाचा पाचवा घात, ७,७७६, हे उत्तर दिले. ते चूक होते. मिशेल शाल यांनी १८६४ साली ३,२६४ हे बरोबर उत्तर दिले. चुकीचे कारण असे की दुहेरी रेषा, म्हणजे एखाद्या रेषेच्या समीकरणाचा वर्ग, ही बीजगणिताच्या दृष्टीने प्रत्येक शांकवाला स्पर्श करते; त्यामुळे पाचही समीकरणे दुहेरी रेषांच्या संपूर्ण पृष्ठावर शून्य होतात आणि त्या पृष्ठाने उत्तरात खोटी भर घातली.

हीच गोष्ट रंगांच्या भाषेत लिहू. शांकव म्हणजे तीन बाय तीन सममित आव्यूह. त्याचे प्रमुख उपनिर्धारक द१, द२, द३ घ्या. द३ म्हणजे पूर्ण निर्धारक. बोरेल म्हणजे एक बिंदू आणि त्यातून जाणारी एक रेषा स्थिर ठेवणारा उपगट. द१ शून्य होतो तेव्हा शांकव त्या बिंदूतून जातो. द२ शून्य होतो तेव्हा शांकव त्या रेषेला स्पर्श करतो. हे दोन रंग. अविकृत शांकवांच्या समांगी अवकाशावरील बोरेल-फलनांचे जालक फ१ = द१²/द२ आणि फ२ = द२²/(द१·द३) यांनी निर्माण होते, आणि रँक २ आहे. प्रत्येक डिव्हायझरसाठी फ१ आणि फ२ यांच्या कोटी वाचल्या की त्याचे निर्देशक मिळतात. पहिला रंग (२, −१) वर आहे, दुसरा (−१, २) वर. या दोन स्तंभांत ए२ या मूळ-संहतीचा कार्टन आव्यूह ओळखीचा वाटेल. निर्धारक शून्य असलेली सीमा (०, −१) वर आहे. दुहेरी रेषांचे पृष्ठ फुगवून मिळणारा डिव्हायझर घेतला तर त्यावर द१ ची कोटी ०, द२ ची १, द३ ची २, म्हणून त्याचे निर्देशक (−१, ०). व्हॅल्युएशन-शंकू म्हणजे दोन्ही निर्देशक ऋण किंवा शून्य असलेला भाग.

आता पाच मितींच्या प्रक्षेपीय अवकाशाचा रंगीत शंकू काय? त्याची संवृत कक्षा म्हणजे दुहेरी रेषांचे पृष्ठ, रँक १ चे आव्यूह. तेथे द२ नेहमीच शून्य असतो, द१ मात्र नेहमी नसतो. म्हणून शंकूत दुसरा रंग शिरतो: शंकू (०, −१) आणि (−१, २) यांनी निर्माण होतो. यांची दोन गुणा पहिला अधिक दुसरा ही बेरीज (−१, ०) आहे, म्हणजे संपूर्ण व्हॅल्युएशन-शंकू या शंकूत सामावला आहे, आणि अवकाश पूर्ण असण्याची खूण हीच. स्टायनर यांची चूक जालकात एका नजरेत दिसते ती येथे. रंग शंकूत आहे याचा अर्थ रेषेला स्पर्श करण्याची अट संवृत कक्षेवर आपोआप पुरी होते, आणि गटाने ती अट कितीही हलवली तरी त्या कक्षेवरून ती हटत नाही. उलट, शंकू म्हणून केवळ व्हॅल्युएशन-शंकूच घेतला, (−१, ०) आणि (०, −१) यांनी निर्माण झालेला आणि एकही रंग नसलेला, तर मिळते ती पूर्ण शांकवांची व्हरायटी. तिच्यात चार कक्षा आहेत आणि स्पर्शाची अट त्यांपैकी कोणत्याही कक्षेला सामावत नाही. पाच अटी गटाने सर्वसाधारणपणे हलवल्या की क्लायमन यांच्या प्रमेयानुसार चार किंवा कमी मितींच्या कोणत्याही सीमा-कक्षेत त्यांचा सामाईक बिंदू उरत नाही, आणि गणना शुद्ध होते. स्पर्शाची अट तेथे २(μ+ν) या वर्गाची आहे, ज्यात μ म्हणजे बिंदूतून जाणे आणि ν म्हणजे रेषेला स्पर्श करणे. या दोहोंच्या पाच घाती गुणाकारांच्या किमती अनुक्रमे १, २, ४, ४, २, १ येतात. द्विपद सहगुणकांनी गुणून बेरीज १०२ आणि ३२ ने गुणल्यावर ३,२६४.

माझी स्वतःची एक चूक येथे सांगतो, कारण ती हमखास होते. विद्यार्थी असताना मी प्रक्षेपीय अवकाशाच्या या शंकूची फलके मोजली, शून्य, दोन किरण आणि संपूर्ण शंकू अशी चार, आणि कक्षा चार आहेत असे लिहून मोकळा झालो. सममित आव्यूहांची रँक तीन, दोन किंवा एक असते, कक्षा तीनच. (−१, २) हा किरण व्हॅल्युएशन-शंकूच्या बाहेर आहे, म्हणून ते फलक कोणत्याही कक्षेचे नाव नाही. टोरिक सवयीने मोजणारा प्रत्येक जण एकदा तरी येथे फसतो.

आता पहिला, अधिक अवघड प्रश्न: समांगी अवकाशच किती आहेत? म्हणजे रिडक्टिव्ह गटाचे कोणते उपगट गोलीय आहेत? साध्या गटांच्या रिडक्टिव्ह गोलीय उपगटांची यादी क्रेमर यांनी १९७९ साली दिली. मिकित्युक आणि ब्रियाँ यांनी पुढे ती अर्धसाध्या गटांपर्यंत नेली. परंतु यादी हे वर्गीकरणाचे समाधानकारक रूप नव्हे, आणि रिडक्टिव्ह नसलेल्या उपगटांसाठी यादी लवकरच हाताबाहेर जाते. वळण आले ते अद्भुत व्हरायटींमुळे. दे कोंचीनी आणि प्रोचेझी यांनी १९८३ साली सममित अवकाशांसाठी पूर्ण शांकवांसारखी संहती (सीमा जोडून होणारी पूर्ण व्हरायटी) बांधली: गुळगुळीत, पूर्ण, सीमेवर रँकइतके डिव्हायझर, ते एकमेकांना आडवे छेदणारे, आणि त्यांच्या छेदांनीच सर्व कक्षा ठरणाऱ्या. हे गुणधर्म असलेली, म्हणजे अद्भुत, कोणतीही व्हरायटी गोलीयच असते, हे ल्यूना यांनी १९९६ साली सिद्ध केले. त्याच वर्षी क्नोप यांनी दाखवले की पुरेसा मोठा, गोलीय अर्थाने संवृत उपगट घेतला तर त्याच्या समांगी अवकाशाला अद्भुत संहती असतेच.

ल्यूना यांनी २००१ मध्ये मांडले की अद्भुत व्हरायटी तीन गोष्टींनी ठरावी: गोलीय मुळांचा संच, कोणतेही रंग न हलवणाऱ्या सरल मुळांचा संच, आणि काही विशिष्ट रंगांची जालकातील स्थाने. या तिन्हींना मिळून गोलीय संहती म्हणतात (येथे संहती म्हणजे माहितीचा संच, वरची सीमा जोडून होणारी व्हरायटी नव्हे) आणि त्यांनी पाळायच्या अटी पूर्णपणे चयनात्मक आहेत. येथे वरच्या एसएल(२) च्या उदाहरणांचा खरा उपयोग होतो. प्रत्येक सरल मूळ गटात एसएल(२) ची एक प्रत दाखवते, आणि त्या प्रतीच्या नजरेतून अवकाश चारांपैकी एका प्रकारचा दिसतो: बोरेलच्या विवृत कक्षेला धक्का न लावणारा, कर्ण काढलेल्या गुणाकारासारखा, दोन रंग हलवणारा, जेव्हा ते मूळ स्वतःच गोलीय असते, शांकव काढलेल्या प्रतलासारखा, एक रंग हलवणारा, जेव्हा त्याची दुप्पट गोलीय असते, आणि उरलेला, एक रंग हलवणारा परंतु गोलीय मुळांत न दिसणारा. ल्यूना यांच्या अटी या चार प्रकारांत आणि रँक १ व २ च्या प्रकरणांत तपासल्या जातात. रँक १ ची यादी अखिएझर यांनी १९८३ मध्ये आणि रँक २ ची वासरमान यांनी १९९६ मध्ये दिली होती. मोठी रँक आली तरी नवीन अडथळा येत नाही, हाच दावा. तो डिंकिन आकृत्यांच्या वळणाचा आहे, आणि तितकाच आश्चर्यकारक.

ल्यूना यांनी स्वतः ए प्रकारच्या गटांसाठी तो सिद्ध केला. सर्वसाधारण प्रकरणात एकमेवतेचा भाग, म्हणजे एकाच संहतीचे दोन अवकाश समान असतात हे, इव्हान लोसेव यांनी २००९ साली सिद्ध केले. अस्तित्वाचा भाग दोन अगदी वेगळ्या वाटांनी पुरा झाला: पाओलो ब्रावी आणि ग्वीदो पेझ्झिनी यांनी आदिम संहतींची यादी करून प्रत्येकीसाठी उपगट शोधला, तर स्टेफनी कुपी-फुतू यांनी यादीविना, अचर हिल्बर्ट स्कीममधून व्हरायटी उभी केली. यादीची वाट थकवणारी आहे, परंतु प्रत्यक्ष एखाद्या उपगटाशी काम असते तेव्हा मी यादीच उघडतो.

हे सर्व कॅरेक्टरिस्टिक शून्यात. सांत कॅरेक्टरिस्टिकमध्ये रंगीत पंख्यांचा टप्पा टिकतो. समांगी अवकाशांचा टप्पा या रूपात टिकत नाही. तेथे वेगळी साधने लागतात, आणि त्यांपैकी एक मुंबईत घडले आहे: टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विक्रम मेहता आणि ए. रामनाथन यांनी १९८५ साली मांडलेली फ्रोबेनियस-विभाजनाची पद्धत, जी एलिझाबेट्टा स्ट्रिकलँड यांनी १९८७ मध्ये गटांच्या अद्भुत संहतींना लावली.

वर्गीकरण नुसते नोंदवही म्हणून पडून राहिले नाही, हेही सांगायला हवे. गुळगुळीत अफाइन गोलीय व्हरायटी तिच्या फलनांत येणाऱ्या भारांच्या संचावरून ओळखता येते, हे क्नोप यांचे अनुमान लोसेव यांनी २००९ मध्येच सिद्ध केले. आणि त्यावरून क्नोप यांनी २०११ साली देल्झाँ यांचे सिंप्लेक्टिक भूमितीतील अनुमान सोडवले. टोरससाठी देल्झाँ यांनी १९८८ मध्ये बहुफलकांनी केलेले वर्गीकरण अशा रीतीने कोणत्याही संहत गटाच्या बहुलतामुक्त क्रियेपर्यंत पोहोचले.

बोरेलच्या विवृत कक्षेची अट सोडली तर काय होते? बोरेलच्या सर्वांत मोठ्या कक्षेच्या सहमितीला गुंतागुंत म्हणतात. गुंतागुंत १ असेल तर बोरेल-फलनांच्या जोडीला एका वक्रावरची फलने येतात, आणि जालकाच्या जागी एका सामाईक कडेला जोडलेल्या अर्ध-अवकाशांचे, वक्राच्या प्रत्येक बिंदूला एक असे, पुस्तक येते. तिमाशेव यांनी १९९७ मध्ये ते मांडले. टोरसच्या क्रियेसाठी आल्टमान आणि हाउझेन यांचे २००६ चे बहुफलकीय डिव्हायझर कोणत्याही गुंतागुंतीला चालतात, परंतु तेथे भागाकार-व्हरायटी स्वतःच दिलेली असावी लागते, आणि तिचे वर्गीकरण कोणताही शंकू करत नाही. म्हणून ‘पूर्ण झाले काय’ या प्रश्नाला माझे उत्तर गुंतागुंत शून्यापुरते होय असे आहे. त्यापुढे चयनात्मक माहिती एका भूमितीय वस्तूवर लटकलेली असते.

समजले की नाही हे तपासण्यासाठी शांकवांच्या जागी अवकाशातील द्विघाती पृष्ठे, म्हणजे चार बाय चार सममित आव्यूह, घ्यावेत. उपनिर्धारक चार, रँक तीन, फ३ = द३²/(द२·द४). रंग (२, −१, ०), (−१, २, −१) आणि (०, −१, २) वर येतात, निर्धारकाची सीमा (०, ०, −१) वर. नऊ मितींच्या प्रक्षेपीय अवकाशाच्या शंकूत दुसरा आणि तिसरा असे दोन रंग शिरतात. त्या शंकूला आठ फलके आहेत. व्हॅल्युएशन-शंकूला ज्यांचा अंतर्भाग छेदतो अशी चारच उरली पाहिजेत, आव्यूहाच्या चार रँकसाठी. दुसरा रंग आणि निर्धारकाची सीमा यांनी होणारे फलक का गळते, हे मधल्या निर्देशकाचे चिन्ह पाहिले की कळते. दोन रंगांनी होणारे का गळते यासाठी दोन असमानता लिहाव्या लागतात.